गुडघ्यापर्यंत

आमच्याकडे वारा उत्तरेचाच.
बारा महिन्यांतले दहा तरी.
म्हणून खारगाच्या दक्षिणेला कुणी दिशा विचारली
तर आम्ही आकाशाकडे बघत नाही,
टेकडीची शिंगं बघतो.

चंद्रकोरीसारखी असते ती वाळूची टेकडी.
पाठ वाऱ्याला दिलेली, लांब, उतरती,
पोट मात्र उभं, कोसळायच्या बेतात,
आणि दोन्ही शिंगं दक्षिणेवर रोखलेली.
कण उड्या मारत पाठीवर चढतात,
माथ्यावर जरा थबकतात,
पोटावरून घसरतात.
बस्स. एवढंच तिचं चालणं.
वर्षाला वीस पावलं.

मी सात वर्षांची असताना
ती शेजारच्या झकियाच्या खजुरांपर्यंत पोचली होती.
वडील रोज असरच्या नमाजानंतर
काठी घेऊन अंतर मोजायला जायचे.
लहान टेकड्या भरभर पळतात.
ही मोठी होती.
"सावकाश येणारा पाहुणा जास्त दिवस राहतो,"
एवढंच म्हणाले शाफई, माझे वडील,
आणि मातीच्या विटा पाडायला बसले.

पायाखालची वाळू सरकली की माणूस हादरतो म्हणे.
आमची डोक्यावरून सरकणार होती.

आधी कबुतरांचा मनोरा गेला, मग भट्टी,
मग खिडकीची खालची कड.
सगळी गल्ली सडकेपलीकडच्या सरकारी घरांत गेली
आणि वडिलांनी छतावर मजला चढवला.
शिडीवरून उतरून नाही,
खिडकीतून सरळ पाऊल टाकून
आम्ही शाळेत जायचो.
आईने त्याआधी खालच्या दाराला
लाकडी कुलूप लावलं होतं.
मी विचारलं, चोर कुठून येईल?
तिने किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली.

चार वर्षांनी वरचा मजलाही गेला.
मग वडील गेले.
घराच्या छातीवर तेव्हा
वाळू सर्वात उंच होती.

बत्तिसाव्या वर्षी झकियाचा नातू सांगत आला:
तुमचं घर निघालंय.

निघालंय म्हणजे, टेकडी पुढे गेली होती
आणि घर तिच्या पाठीमागे राहिलं होतं,
मेंढीमागे लेंडी राहते तसं.

मी पायी गेले.
वाटेत ते सिंह लागतात,
कोरड्या तळ्याच्या चिखलातून वाऱ्याने सोललेले.
डोकी उत्तरेला, जाड;
शेपट्या निमुळत्या होत जमिनीत विरलेल्या.
लहानपणी त्यांना नावं होती.
एकाचा जबडा आता नव्हता.

वरचा मजला अर्धा.
खाली दार, उभं.
वरच्या फळीवर हजच्या विमानाचा निळा रंग
काल दिल्यासारखा.
खाली मात्र, गुडघ्यापर्यंत,
वाऱ्याने रंधा मारलेला.
वाळू काही फार उंच उडत नाही.
कण गुडघ्याएवढीच झेप घेतात,
पण दिवसरात्र घेतात.
मऊ लाकूड सगळं नेलं होतं,
कठीण रेषा तेवढ्या उभ्या, हाताच्या शिरांसारख्या.

याच दारावर वडील आमची उंची खिळ्याने कोरायचे.
माझी पाच वर्षांची रेघ होती. सहाची होती.
हिलालची नव्हती.
चाळीस दिवसांचं पोर ते,
वडिलांनी काखेत धरून दाराला टेकवलं होतं
आणि टाळूपाशी खिळा ओढला होता.
गुडघ्याएवढी रेघ.
त्यानंतर दुसरी ओढायची वेळ आली नाही.

मी बोटाने चाचपलं.
तिथे एक गाठ होती लाकडातली,
आधी कधी पाहिलेली नव्हती.

घरी आईने बाकी काही विचारलं नाही.
"त्याची?"
मी म्हटलं, आहे.

दुसऱ्या दिवशी तिने किल्ली दिली.
किल्ली फिरली नाही.
मी कुलपाशी वाकून फुंकर मारली
तशी चिमूटभर वाळू निघाली,
माझ्या गुडघ्यांजवळून उडाली
आणि दक्षिणेकडे गेली.